सबस्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर दर महिन्याला अडते: खेड्यातील घरात दोष नेमका कुठे शोधावा

गावात राहून लग्नाचे अल्बम, निमंत्रण पत्रिका, हिशेब किंवा घरांचे नकाशे करून देणाऱ्या अनेकांची तक्रार एकच असते. काम ऐन हातात असताना फोटोशॉप, एक्सेल किंवा ऑटोकॅड परवान्याची पडताळणी मागते, ‘इंटरनेट जोडणी आढळली नाही’ असा संदेश दाखवते आणि थांबते. मग संगणक तालुक्याला नेऊन ओळखीच्या दुकानातील वाय-फायवर जोडला की सगळे सुरळीत होते आणि महिन्याभराने पुन्हा तेच घडते. यवतमाळ आणि वाशिम जिल्ह्यांतील गावांमध्ये असे संगणक दुरुस्त करताना माझे ठाम मत झाले आहे की, हा संदेश येतो तेव्हा बहुतेक वेळा घरात इंटरनेट असते. पडताळणीला लागणारा डेटा अगदी थोडा असतो, पण तो योग्य वेळी आणि न तुटता जावा-यावा लागतो. म्हणून जास्त वेगाच्या प्लॅनवर पैसे घालण्याआधी खालील गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात, कारण पहिल्या दोन गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

तत्पूर्वी आपल्या सॉफ्टवेअरची मुदत माहीत असावी. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबी कंपनीच्या वार्षिक सदस्याला इंटरनेटशिवाय ९९ दिवसांपर्यंत आणि मासिक सदस्याला ३० दिवसांपर्यंत काम करता येते. मात्र पडताळणीचा प्रयत्न सॉफ्टवेअर दर ३० दिवसांनी करतच असते. मायक्रोसॉफ्ट ३६५ ला ३० दिवसांतून किमान एकदा जोडणी मिळावी लागते. ती मिळाली नाही तर फाइल उघडते आणि छापताही येते, पण नवीन फाइल करता येत नाही आणि जुनीत बदल करता येत नाही. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कच्या वैयक्तिक सबस्क्रिप्शनलाही ३० दिवसांचाच नियम आहे. याचा सरळ अर्थ असा की, मुदत संपण्याची वाट न पाहता महिन्यातून दोनदा, जोडणी चांगली असलेल्या वेळी, सगळी सॉफ्टवेअर एकदा उघडून लॉगिन तपासून घेतले तर ऐन कामाच्या दिवशी अडण्याचा प्रसंग सहसा येत नाही. पण ज्यांच्याकडे जोडणी असूनही पडताळणी होत नाही, त्यांच्यासाठी पुढचे सारे आहे.

घड्याळ

लग्नसराईच्या दिवसांत एका छायाचित्रकार मुलाने मला बोलावले. ‘भाऊ, नेट तर चालू आहे, मोबाइलवर व्हॉट्सॲप येऊन राहिलं, पण फोटोशॉप मानतच नाही,’ अशी त्याची तक्रार होती. संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात १ जानेवारी आणि बऱ्याच वर्षांपूर्वीचे साल दिसत होते. भारनियमनात लाइन गेली, यूपीएसने काही मिनिटांत मान टाकली आणि लाइन परत आल्यावर संगणक त्या जुन्या तारखेला जाऊन बसला, एवढेच घडले होते.

याचे कारण समजून घेणे महत्त्वाचे आहे. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करते तेव्हा सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो आणि त्या प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेले असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेरची असेल तर संगणक ते प्रमाणपत्र नाकारतो, जोडणी तुटते आणि सॉफ्टवेअर त्या तुटण्याला ‘इंटरनेट नाही’ असे नाव देते. शिवाय घड्याळ मागे गेलेले दिसले की काही सॉफ्टवेअर परवान्याशी छेडछाड झाल्याची शंका घेऊन आणखी कडक होतात.

डेस्कटॉपमध्ये तारीख सांभाळण्याचे काम मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल करतो. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. प्लग चालू असेपर्यंत घड्याळाला विजेवरच आधार मिळतो, पण आपल्याकडे रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची चांगली सवय असते आणि दिवसाही वीज जाते, त्यामुळे हा सेल शहरातल्यापेक्षा लवकर संपतो. संगणक बंद करून, वायर काढून, कॅबिनेट उघडून सेल बदलावा; ज्या बाजूवर अक्षरे आहेत ती बाजू वर ठेवावी. घड्याळांच्या दुकानातही तो मिळतो आणि अगदी थोड्या पैशांत येतो. सेल बदलल्यावर तारीख आधी हाताने बरोबर लावावी आणि मगच वेळ जुळवण्याचे बटण दाबावे, कारण फरक साधारण १५ तासांपेक्षा जास्त असेल तर विंडोजची आपोआप वेळ जुळवणारी सेवा तो फरक दुरुस्त करण्याचे नाकारते.

एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. कोपऱ्यात वेळ बरोबर दिसत असली तरी टाइम झोन अमेरिकेचा राहिलेला असू शकतो आणि कोणीतरी काटे हाताने फिरवून वेळ भारताची केलेली असते. आपल्याला घड्याळ बरोबर वाटते, पण सर्व्हरच्या हिशेबाने ते कित्येक तास चुकलेले असते. सेटिंग्जमध्ये टाइम झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’, म्हणजे अधिक ५ तास ३० मिनिटे, असाच असला पाहिजे.

जुन्या चोरीच्या प्रतीचे अवशेष

हा मुद्दा लिहायला थोडा अवघड आहे, पण तो टाळला तर हे लिखाण अपुरे राहील. संगणक विकत घेताना दुकानदाराने फोटोशॉपची फुकटची प्रत टाकून दिलेली असते. पुढे काम वाढते, माणूस प्रामाणिकपणे पैसे भरून खरे सबस्क्रिप्शन घेतो आणि तेच नेमके चालत नाही. फुकटची प्रत टाकणाऱ्याने तिच्या पडताळणीत अडथळा यावा म्हणून विंडोजच्या होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये कंपनीच्या सर्व्हरची नावे बंद करून ठेवलेली असतात, आणि तीच कुलपे आता खऱ्या परवान्याची वाट अडवतात. अशा संगणकावर ब्राउझर चालतो, यूट्यूब चालते, सगळे काही चालते. फक्त ते एक सॉफ्टवेअर लॉगिन घेत नाही. हे लक्षण दिसले की इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन करण्यात अर्थ नाही.

ही फाइल सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स आणि त्यात ईटीसी या फोल्डरमध्ये असते. नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडावे, त्यातून ही फाइल उघडावी आणि ज्या ओळींत सॉफ्टवेअर कंपनीचे नाव आहे त्या काढून टाकाव्यात. अडोबीने याच कामासाठी ‘लिमिटेड ॲक्सेस रिपेअर टूल’ हे स्वतःचे साधन दिले आहे; ज्यांना फाइलला हात लावण्याची भीती वाटते त्यांनी ते वापरावे. विंडोज फायरवॉलच्या ‘आउटबाउंड’, म्हणजे बाहेर जाणाऱ्या जोडणीच्या, नियमांतही तशीच बंदी घातलेली असते, म्हणून तेही पाहावे. जुनी प्रत पूर्ण काढून टाकल्याशिवाय नवी बसवू नये.

याच ठिकाणी विंडोजच्या आवृत्तीचेही पाहून घ्यावे. विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी अपडेट, १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ७ वर लॉगिनची खिडकी पांढरीफटक राहत असेल तर त्यावर वेळ घालवण्यापेक्षा संगणक पुढच्या आवृत्तीवर नेणे शहाणपणाचे आहे.

संध्याकाळीच का अडते

सकाळी चालते आणि संध्याकाळी चालत नाही, अशी तक्रार असेल तर आधी मोबाइलच्या पॅककडे पाहावे. दिवसाला दीड किंवा दोन जीबी देणाऱ्या पॅकमध्ये ती मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने १ एमबीला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. व्हॉट्सॲपचे मजकुराचे संदेश त्यातूनही जातात आणि म्हणून नेट चालू आहे असे वाटते; पण लॉगिनची खिडकी चित्रे, फॉन्ट आणि स्क्रिप्ट धरून काही एमबींची असू शकते आणि ती उघडेपर्यंत सॉफ्टवेअरची वाट पाहण्याची मर्यादा संपून जाते.

मर्यादा कोण खाते, हा पुढचा प्रश्न. संगणक हॉटस्पॉटला जोडला की विंडोजला ते साधे वाय-फाय वाटते आणि ते निर्धास्तपणे शेकडो एमबींचे अपडेट उतरवू लागते. सॉफ्टवेअरची स्वतःची अपडेट तर कित्येकदा जीबींच्या घरात असतात. म्हणून त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे. मग विंडोजची बहुतेक अपडेट थांबतात आणि वनड्राइव्हही फाइलींची ने-आण थांबवते. फोन बदलला किंवा हॉटस्पॉटचे नाव बदलले की विंडोजच्या दृष्टीने ते नवे जाळे असते आणि ही खूण पुन्हा करावी लागते. फोन केबलने जोडून त्याचे नेट संगणकाला दिले, म्हणजे यूएसबी टेदरिंग केले, तर ते इथरनेट म्हणून दिसते; तिथेही ती वेगळी करावी लागते. तरीही मी यूएसबी टेदरिंगच सुचवतो, कारण फोन चार्ज होत राहतो आणि हॉटस्पॉट मध्येच बंद पडत नाही.

मर्यादा शिल्लक असूनही संध्याकाळी अडत असेल तर टॉवरवर गर्दी आहे असे समजावे. सात वाजल्यानंतर अख्खे गाव फोनवर असते. पहाटे पाच-साडेपाचला तीच पडताळणी करून पाहावी. ती झटकन झाली तर यंत्रात काही दोष नाही, आणि महिन्यातील दोन पडताळण्या पहाटे ठेवल्या तरी काम भागते.

सिग्नल: काड्या मोजू नयेत, आकडे पाहावेत

फोनवरच्या काड्या प्रत्येक कंपनीचा फोन आपल्या मताने दाखवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यातील सिमच्या स्थितीत सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात मिळतो. फोर-जी राउटर असेल तर त्याच्या पानावर तो आरएसआरपी या नावाने असतो. हा आकडा उणे असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० ला काम निभते, उणे ११० ला जोडणी लागते पण तुटते आणि उणे १२० च्या पुढे आशा धरू नये. याच पानावर एसआयएनआर नावाचा दुसरा आकडा असतो. तो शून्याजवळ किंवा त्याखाली असेल तर सिग्नल जोरात असूनही गोंगाट जास्त आहे असे समजावे.

आता घरात फिरून आकडे लिहून घ्यावेत. एका जागी फोन ठेवून मिनिटभर थांबावे, आकडा स्थिरावू द्यावा आणि मगच पुढे जावे. मातीच्या जाड भिंतींचे जुने घर, वर टिनाचे पत्रे आणि आत ठेवलेला फोन, ही आपल्याकडची सर्वांत वाईट जुळणी आहे. पत्रा सिग्नल आरपार जाऊ देत नाही. ओसरीत आणि माजघरात १५ ते २० डीबीचा फरक मी अनेक घरांत पाहिला आहे, आणि एवढा फरक म्हणजे चालणाऱ्या व न चालणाऱ्या जोडणीतले अंतर. बरेचदा फोन ओसरीच्या खांबाला, टॉवरच्या दिशेला ठेवून लांब यूएसबी केबल आत नेली की प्रश्न सुटतो.

कोणत्या कंपनीचे सिम घ्यावे, याचे उत्तर शेजारच्या गावातील अनुभवावर नव्हे तर आपल्या उंबरठ्यावरील आकड्यावर ठरवावे. तरी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. कमी कंप्रतेचा (फ्रिक्वेन्सीचा) पट्टा दूर जातो आणि भिंतीतून अधिक शिरतो: बीएसएनएलच्या फोर-जीसाठी ७०० मेगाहर्ट्झ, जिओकडे ८५० आणि एअरटेलकडे ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे आहेत. २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण दूरच्या घरापर्यंत तो धापा टाकत येतो. राउटरमध्ये पट्टा पक्का करण्याची सोय असेल तर कमी कंप्रतेचा पट्टा पक्का करून पाहावा. वेग कमी दिसेल, पण जोडणी टिकेल, आणि परवान्याच्या पडताळणीला टिकणेच हवे असते.

उन्हाळ्यात चालणारी जोडणी पावसाळ्यात का बिघडते, हे अनेकांना कोडे वाटते. सागाची पाने उन्हाळ्यात झडलेली असतात आणि पावसाबरोबर परत येतात. तूर दिवाळीपर्यंत डोक्यावर जाते. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा तर बारमाही दाट असतात. ओली पाने सिग्नल शोषतात, आणि कंप्रता जितकी जास्त तितके अधिक. म्हणून बाहेरचा अँटेना किंवा राउटर बसवताना उंची श्रावणातले शेत डोळ्यांसमोर ठेवून ठरवावी. उलट, मे महिन्यात ४५ अंशांवर पारा गेलेला असताना पत्र्याखाली ठेवलेला राउटर तापून स्वतःच बंद पडतो. त्याला उत्तरेकडच्या भिंतीवर, सावलीत जागा द्यावी.

अँटेना घ्यायचा झाला तर बारीक केबलची लांबी वाढवू नये, कारण दहा मीटर स्वस्त केबलमध्ये अँटेनाने मिळवलेले बरेचसे वाया जाते. त्याऐवजी राउटरच बाहेर, पावसापासून सुरक्षित अशा डब्यात बसवावा आणि इथरनेटची केबल आत आणावी. ती १०० मीटरपर्यंत चालते. बाजारात ‘मोबाइल बूस्टर’ म्हणून मिळणारे यंत्र मात्र घेऊ नये. परवान्याशिवाय असे यंत्र लावणे कायद्याने गुन्हा आहे आणि त्याने गावातील इतरांचीही जोडणी बिघडते. उंच लोखंडी खांब उभारला तर त्याला अर्थिंग करावेच; आपल्या भागात मान्सूनपूर्व वादळात विजा किती पडतात हे कोणालाही सांगायला नको.

फायबर आणि वावरातले घर

केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेचे फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आले असेल तर गावठाणातील घराने फायबरची जोडणी अवश्य विचारावी. ती घेतल्यावरही परवाना अडत असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. फायबरच्या पेटीवरचा लाल दिवा लागला तर फायबर तुटले आहे, त्यावर घरात काही उपाय नाही. सर्व दिवे हिरवे असून छोटी पाने उघडतात पण लॉगिनची पाने अर्धवट लटकतात, असे असेल तर राउटरमधील एमटीयू हा आकडा, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार, पाहावा. पीपीपीओई, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम आणि पासवर्ड टाकून चालणाऱ्या, जोडणीत तो १४९२ पेक्षा जास्त नसावा, आणि तरीही अडले तर १४०० करून पाहावा. लाइन गेल्यावर फायबरची पेटी चालू राहावी म्हणून १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. पेटीच्या ॲडॉप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच तो घ्यावा.

ज्यांचे घर वावरात आहे आणि वीज कृषिपंपांच्या वाहिनीवरून आलटून पालटून मिळते, त्यांना गावातील नातेवाइकाच्या घरून ५ गिगाहर्ट्झचा बिनतारी दुवा आणता येतो. या पट्ट्याचा वापर भारतात २०१८ पासून परवानामुक्त आहे. दोन्ही टोके एकमेकांना दिसली पाहिजेत, आणि नुसती दिसून भागत नाही: २ किलोमीटरच्या दुव्यात मधोमध सरळ रेषेभोवती साधारण ३ मीटर जागा मोकळी लागते. मध्ये एखादे चिंचेचे झाड असेल तर त्याच्या शेंड्यावरून तीन मीटर, असा हिशेब धरावा. त्या टोकांची आणि गावातील राउटरची वीज एकाच वेळी असणे गरजेचे आहे, म्हणून दोन्हीकडे बॅटरी ठेवावी.

पैसे कापले गेले का

हे सारे नीट असूनही परवाना नाकारला गेला तर बँकेचा संदेश पाहावा. कार्डावरून आपोआप पैसे कापण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान २४ तास आधी सूचना येते आणि १५,००० रुपयांपेक्षा मोठ्या रकमेला ओटीपीने मान्यता द्यावी लागते. वर्षाचे सबस्क्रिप्शन ही मर्यादा ओलांडत असेल आणि त्या दिवशी फोनला रेंज नसेल, तर ओटीपी येत नाही, पैसे कापले जात नाहीत आणि काही दिवसांनी सॉफ्टवेअर अडते. नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून त्या दिवशी रेंजच्या ठिकाणी असावे.

लॉगिनच्या ओटीपीसाठीही एसएमएसवर विसंबून राहू नये. मायक्रोसॉफ्ट किंवा गुगलचे ऑथेंटिकेटर ॲप एकदा जोडून घेतले की ते रेंज नसतानाही सहा अंकी आकडा देते, कारण तो आकडा फोनच्या आतच वेळेवरून तयार होतो. फक्त फोनची वेळ आपोआप जुळणारी ठेवावी. फोन बदलण्याआधी हे ॲप नव्या फोनवर हलवून घ्यावे आणि खात्याचे राखीव कोड कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवावेत.